पत्रात घातलेलं नाव

दिवाळी सरली की दौलताबाद रस्त्यावरच्या सीताफळांच्या पाट्या कमी होतात आणि त्या जागी पेरू दिसायला लागतात. सकाळी किल्ल्याच्या बाजूला धुकं असतं. ज्वारी गुडघ्याएवढी झालेली असते, कापसाच्या वेचण्या चाललेल्या असतात, आणि पडेगावात आमच्या घरामागं जी दोन-तीन शेतं अजून प्लॉट पडायची राहिली आहेत, त्यांत मेंढरं येऊन बसतात. आधी वास येतो. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, दुधाचा. मग घंट्या ऐकू येतात. मग कुणीतरी बाई बारक्या कोकरांना हाका मारताना ऐकू येते.

यंदाही ती आलीत. आणि यंदाही निवडणूक आहे. भोंगा लावलेली रिक्षा आमच्या गल्लीच्या तोंडाशी येते, एकाच गाण्याचं एकच कडवं वाजवते आणि निघून जाते. बाकीच्यांना या दिवसांत गुलाबी थंडी वाटते. मलाही वाटायची. आता सकाळी दारात पेपर पडल्याचा आवाज आला की मी लगेच उठत नाही. चहा होईपर्यंत तो तसाच पडू देते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षिका होते. शाळा होती डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावात. गावाचं नाव मी लिहिणार नाही. ते एकदा लिहून झालंय, आणि त्याचीच ही हकीकत आहे.

शिक्षिका असल्यामुळं मतदानाची ड्युटी कधी चुकली नाही. आदल्या दिवशी पेट्या घेऊन जायचं, अनोळखी शाळेच्या वर्गात सतरंजीवर पडायचं, पहाटे गार पाण्यानं तोंड धुवायचं आणि सात वाजता खुर्चीवर बसायचं. माझ्याकडं बहुधा शाईची बाटली असायची. हजारो बोटं मी धरली असतील. कापूस वेचून चिरा पडलेली, चुन्यानं पांढरी झालेली, मेंदी लावलेली, एखादं पेरच नसलेलं. काही बायका बोट पुढं करताना लाजायच्या, काही उगाच हसायच्या. मला ते काम मनापासून आवडायचं. माझं स्वतःचं मत मात्र पोस्टानं जायचं, कारण मी ड्युटीवर. सरकारनं माझी तेवढी सोय केली होती आणि मला ती कधी विशेष वाटली नव्हती.

निवृत्त झाल्यावर मी पेपरांना पत्रं लिहायला लागले. नळाच्या पाण्यावर लिहिलं, रस्त्यांवर लिहिलं, मग हळूहळू एकाच विषयावर यायला लागले. मतदान ज्या दिवशी असतं त्या दिवशी जी माणसं पोटासाठी गाव सोडून गेलेली असतात, त्यांनी काय करायचं? ऊसतोडीला गेलेले, वीटभट्टीवरचे, मेंढरांमागं गेलेले. यांना जिथं आहेत तिथं मत देता यायला हवं, एवढंच माझं म्हणणं. शहरातल्या तीन-चार पेपरांना मी ते फिरून फिरून लिहिलं. कधी छापून यायचं, कधी निम्मं कापून यायचं. आलेलं पत्र मी कात्रीनं नीट कापून फायलीत लावायचे. भाजीबाजारात कुणी म्हणालं, “मॅडम, वाचलं बरं का तुमचं,” की पिशवी हलकी वाटायची. हे कबूल करायला आता लाज वाटते, पण वाटायची.

मागच्या हिवाळ्यात, अशाच एका सकाळी, मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खालच्या शेतातून हाक आली.

“बाई! वळखलं का?”

डोक्यावरनं पदर, पाठीशी झोळीत मूल, हातात काठी. मी ओळखलं नाही.

“मी कौसा. चवथीतली. फळ्याच्या बाजूला बसायची. तुमी मला जोडाक्षरं घोटून घेतली व्हती.”

मग आठवली. धनगरांच्या वस्तीवरून दोन किलोमीटर चालत यायची, पावसाळ्यात नियमित आणि दिवाळीनंतर गायब. चौथीनंतर ती मेंढरांमागं गेली ती गेलीच. लग्नही त्याच वस्तीत झालं होतं. मी खाली गेले, चहाचा थर्मास नेला. बांधावर बसून आम्ही बोललो. तिची कोकरं माझ्या साडीचा काठ चघळत होती.

समोरच्या रस्त्यावरून भोंग्याची रिक्षा गेली. मी सहज विचारलं, “मताला जाणार की नाही गावाकडं?”

कौसा हसली. “कशी जाऊ? ही दीडशे तोंडं कोन बगन? बाई, लगीन होऊन बारा वरसं झाली. ह्या मोट्या इलेक्शनला मी एकडाव बी बोटाला शाई लावली नाय. ते नेमकं दिवाळी झाल्यावरच येतंय. पावसाळ्यात आलं तर आमी हावच की घरी.”

“वस्तीवर मग कुणीच नसतं?”

“आमचा म्हातारा असतो, सासरा. आन् एक म्हातारी. अकरा घरं हायती, बाकी समद्यांस्नी कुलपं.”

त्या दुपारी मी पत्र लिहायला बसले तेव्हा वाक्यं आपोआप येत होती. मी ड्युटीवर होते म्हणून मला पोस्टानं मत देता आलं. सैनिक ड्युटीवर असतो म्हणून त्याला देता येतं. मग कौसा कुठं सुट्टीवर आहे? ती तर रोजच ड्युटीवर असते. मी स्वतःवरच खूश झाले.

आमच्याकडं पत्र पाठवण्याआधी हे वाचतात. हे म्हणजे माझे यजमान. बांधकाम खात्यात आरेखक होते, रेघ वाकडी गेली की त्यांना लगेच दिसते. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “चांगलंय. पण वस्तीचं नाव कशाला घातलंस? ‘आमच्या जिल्ह्यातील एक वस्ती’ म्हण.”

“त्यानं वजन येत नाही. मागच्या वेळी त्या पेपरच्या माणसानंच फोनवर सांगितलं ना, मॅडम ठोस लिहा, गावाचं नाव घाला, नाहीतर छापायला अवघड जातं म्हणून.”

“तुला विचारलं का त्या मुलीनं, नाव घाला म्हणून?”

“तिच्यासाठीच तर लिहितेय.”

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. पत्र गेलं. चौथ्या दिवशी छापून आलं, चौकटीत, मोठ्या मथळ्याखाली. एक शब्दही कापला नव्हता. माझ्या सगळ्या पत्रांत इतकी चांगली जागा कधी मिळाली नव्हती. मी तो अंक घेऊन मागच्या शेतात गेले, पण कौसाचा मुक्काम हलला होता. जमिनीवर लेंड्यांचा थर आणि विझलेली चूल तेवढी होती.

हिवाळा गेला. उन्हाळ्यात मी त्याच विषयावर आणखी दोन पत्रं लिहिली. मृगाच्या सुमारास मेंढरं परत आपल्या गावाकडं जाताना रस्त्यात दिसली. कौसाचा फोन नंबर मी घेऊन ठेवला होता; एकदा बोललो, बरं चाललंय म्हणाली. दारावर कसला तरी कागद चिकटवलेला होता, अर्धा उडून गेलेला, एवढंही तिनं सांगितलं होतं. मी म्हणाले, पाणीपट्टीचा वगैरे असेल. असं मी म्हणाले.

दसऱ्याच्या आधी तिच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. ती निवडणूक वस्तीची होती, कारण त्या दिवसांत सगळे घरी असतात. गावातून पाण्याची जी नळयोजना गेली होती ती वस्तीच्या अलीकडच्या ओढ्यापाशी थांबलेली. त्यांच्या वॉर्डातून उभ्या राहिलेल्या एका बाईनं वस्तीवर येऊन शब्द दिला होता, पाइप ओढ्यापलीकडं नेईन म्हणून. वस्तीवरची सगळी मतं तिला जाणार होती. मतदानाच्या चिठ्ठ्या वस्तीवर कुणी दिल्या नाहीत, पण त्यांना त्याचं नवल वाटलं नाही. वस्तीवर काहीच कुणी आणून देत नसे.

दुपारी बाराच्या सुमारास कौसाचा फोन आला. मागं गलका होता.

“बाई, आमची नावं नायती यादीत.”

“कार्ड आहे ना जवळ? नीट बघायला सांग. वय, वडिलांचं नाव…”

“सारं दावलं. माझं नाय, मालकाचं नाय, दिराचं नाय. साऱ्या वस्तीचीच नायती. म्हाताऱ्याचं बी नाय. त्यो धोतर धुऊन, टोपी घालून आलाय, आन् आता शाळंच्या पायरीवर बसलाय. उठना झालाय.”

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या बसनं गेले. हे म्हणाले येतो बरोबर, मी नको म्हणाले. निकाल तोवर लागायचा होता, पण सगळ्यांना तो कळल्यासारखाच होता. पुढं तसंच झालं. ती बाई थोडक्यात पडली. वस्तीची निम्मी मतं जरी पडली असती तरी ती निवडून आली असती.

तालुक्याच्या कार्यालयात मी, कौसा आणि तिचे सासरे असे तिघं गेलो. सासऱ्यांना सगळे भिवाआबा म्हणतात. सत्तरीच्या पुढचे, उंच, कानात भिकबाळीसारखी बारीक बाळी. तिथला लिपिक सभ्य होता. आम्हाला बसायला दिलं, पाणी दिलं. फाइल काढून त्यानं शांतपणे सांगितलं, “नावं वगळण्याबद्दल एका मतदाराचा रीतसर अर्ज आला होता. ही माणसं इथं राहत नाहीत, असा. चौकशीला माणूस दोनदा वस्तीवर गेला, घरं बंद. दारांवर नोटिसा लावल्या. मुदतीत कुणी हजर झालं नाही. म्हणून ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून नावं कमी केली. कागद सगळे बरोबर आहेत, मॅडम.”

“पण आबा तर होते तिथं.”

“त्या आठवड्यात मी लेकीकडं गेल्तो,” आबा म्हणाले. “तिचं पोरगं आजारी व्हतं. म्हातारीला बी संगं नेली व्हती.”

“आणि त्यांनी पुरावा काय दिला, ही माणसं राहत नाहीत म्हणून?” मी विचारलं. माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला होता.

लिपिकानं दोन कागद उलटले. तिसऱ्या कागदाला टाचणीनं लावलेलं पेपरचं कात्रण होतं. चौकट मी लांबूनच ओळखली. खाली माझं नाव होतं. मधल्या एका वाक्याखाली कुणीतरी लाल पेननं दोनदा रेघ ओढली होती.

कौसानं ती फाइल आपल्याकडं वळवली. लिपिकानं अडवलं नाही. ती बोट ठेवून वाचायला लागली, हळू, मी शिकवलं होतं तसं, जोडाक्षराशी थांबून पुढं सरकत. “या… वस्तीवरील… अकराही घरांना… दिवाळीनंतर… कुलपं असतात. मतदानाच्या दिवशी… तिथे… एकही… माणूस… नसतो.”

पंख्याचा आवाज येत होता.

मग आबांनी विचारलं, “एकबी मानूस नसतो? आन् मी कोन व्हतो?”

ते माझ्याकडं बघत नव्हते. कागदाकडं बघत होते. मी लिहिलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला सांगावं लागलं. “आबा, ते मी लिहिलंय.” त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं, मग सुनेकडं पाहिलं, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

कौसानं मला स्पष्ट सांगितलं होतं, एक म्हातारा असतो, एक म्हातारी असते. मी ते ऐकलं होतं. लिहिताना ती दोन माणसं वाक्यात मावेनात. ‘दोन वृद्ध वगळता’ असं घातलं की वाक्य बसतं, ठसका जातो. म्हणून मी ती काढली. आधी माझ्या पत्रातून ती दोघं गेली, मग यादीतून गेली. अर्जदारानं नवीन काहीच केलं नव्हतं. मी केलेलंच पुढं नेलं होतं.

बाहेर आलो. लिंबाखाली उसाच्या रसाची गाडी होती, तिथं उभं राहिलो. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडणं म्हणजे त्यांनाच मला समजवायला लावणं, म्हणून मी ओठ दाबून उभी होते. कौसानंच सुरुवात केली.

“बाई, तुमच्या मनात वाईट नव्हतं. मला म्हाईत हाय. पर वस्तीचं नाव कशाला घातलं? मला इचारायचं तरी. मी तुमास्नी च्या पिता पिता सांगितल्यालं.”

“चुकलं माझं.”

“व्हय,” ती म्हणाली. “चुकलं.”

तिनं ‘जाऊ द्या’ म्हटलं नाही. आत्तापर्यंत ज्यांच्या ज्यांच्याशी मी हे बोलले त्यांनी सगळ्यांनी ते म्हटलं. शेजारच्या बाईंनी म्हटलं, बहिणीनं म्हटलं, पेपरातल्या माणसानंसुद्धा म्हटलं. तिनं म्हटलं नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे.

पुढचे पंधरा दिवस मी रोज बसनं गेले. अकरा घरं, प्रत्येक माणसाचा वेगळा अर्ज, फोटो, राहण्याचा पुरावा. फोटोवाल्याला वस्तीवर नेलं. मेंढवाड्याला पांढरी चादर बांधून त्यानं एकेकाला तिच्यापुढं उभं केलं. हे घरी बसून झेरॉक्सच्या प्रती नावांप्रमाणं लावून देत. ‘मी म्हणालो होतो’ हे त्यांनी एकदाही म्हटलं नाही, आणि न म्हणणं त्यांना किती जड जात होतं ते मला दिसत होतं. दिवाळीनंतर मेंढरं निघायच्या आत बहुतेक नावं परत लागली. आबांचा अर्ज अजून तपासणीत आहे. जुन्या कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका वेलांटीचा फरक आहे. मी वेलांटीवरून मुलांचे गुण कापलेत.

पेपरला मी खुलासा पाठवला होता. वस्तीवर दोन वृद्ध कायम राहतात, बाकीचेही तिथलेच रहिवासी आहेत, कामासाठी जातात आणि परत येतात, माझं वाक्य चुकीचं होतं. पत्रांचं पान बघणारा तो माणूस चांगला, पण म्हणाला, “मॅडम, वर्षापूर्वीच्या पत्राचा खुलासा कसा छापू? कुणाला आठवणार आहे?” शेवटी कोपऱ्यात चार ओळी आल्या. त्या कुणी कापून कुठल्या फायलीला लावल्या असतील असं वाटत नाही.

गेले काही दिवस मी विचार करतेय की मी काय चूक केली आणि काय बरोबर होतं. मागणी बरोबर होती, हे मी आजही म्हणेन. मेंढरांमागं गेलेल्या माणसाला जिथं आहे तिथं मत देता यायला हवं. ते नाही म्हणूनच ‘घराला कुलूप’ आणि ‘इथला माणूस नाही’ या दोन गोष्टी कुणालाही एक करून दाखवता येतात. मीही तेच सांगत होते आणि त्याच वेळी तेच करत होते. ज्या माणसांबद्दल लिहिलं त्यांच्यापैकी कुणी तो पेपर वाचणार नाही, हे मला लिहिताना माहीत होतं. त्यामुळं बहुधा हात सैल सुटला. फळ्यावर लिहिताना मागं मुलं बसलेली असतात, चुकलं की कुणीतरी हात वर करतं. पत्र लिहिताना माझ्या मागं कुणी नव्हतं.

यंदा मेंढरं मागच्या शेतात आली ती कौसाची नव्हेत, दुसऱ्याच कुणाची. कौसाचा मुक्काम करमाडच्या पुढं, जालना रस्त्यापासून आत कुठंतरी आहे. परवा मी वही घेऊन बसले. विषय तोच, कारण ते सगळे पुन्हा बाहेर आहेत आणि निवडणूक पुन्हा आलीय. पान लिहून झालं आणि मी तिला फोन लावला.

“कौसा, मी परत लिहिलंय. पाठवू की नको, तू सांग.”

तिच्या मागं घंट्या वाजत होत्या. “वाचा आदी.”

मी वाचलं. तिनं मध्येच थांबवलं. “ते बिचारे काढा. आमी बिचारे नाय.” मी खोडलं. पुढं एका ठिकाणी म्हणाली, “आन् असं नका लिवू की आमास्नी काय कळत नाय फारमातलं. मला कळतंय. म्होरच्याला कळू द्यायचं नसतंय.” ते वाक्यही बदललं. गावाचं नाव मी घातलंच नव्हतं, तरी तिनं विचारून खात्री केली. खाली तिचं नाव चालेल का, असं मी विचारल्यावर म्हणाली, “माझं एकटीचं कसं? दुपारी समदी जेवायला जमत्यात. तवा परत फोन लावा, साऱ्यांस्नी वाचून दावा. त्यांनी व्हय म्हनल्याबिगर धाडू नका.”

दुपारी दीडला मी फोन लावला. तिनं स्पीकर चालू केला. मला कुणी दिसत नव्हतं. भाकरीचा तुकडा मोडल्याचा, पाणी ओतल्याचा, कुत्र्याला हाकलल्याचा आवाज येत होता. मी उभी राहून वाचलं. एवढं सावकाश मी वर्गातही कधी वाचलं नसेल. वाचून झालं. मग एका पुरुषाचा आवाज आला, कुणाचा ते मला कळलं नाही.

“बाई, ह्यानं आमची नावं परत जातील का?”

हे समोर खुर्चीत बसून माझ्याकडं बघत होते. नाही जाणार, काळजी करू नका, असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी.

“माहीत नाही,” मी म्हणाले. “जाणारच नाहीत असं मला सांगता येत नाही.”

तिकडं कुजबुज झाली. एक बाई काहीतरी रागानं बोलली, दुसऱ्या कुणीतरी तिला गप्प केलं, पुन्हा ती बोलली. बराच वेळ गेला.

मग कौसाचा आवाज जवळ आला. “दोघं नाय म्हनत्यात. त्यांची नावं खाली घालू नका. बाकीच्यांची एकेक करून सांगते, लिवून घ्या.”

मी पेनचं टोपण काढलं.